फाइलवर 'पेनिसिलीन ॲलर्जी' लिहिलेलं असेल तर गुडघ्याच्या ऑपरेशनआधी कोणतं अँटिबायोटिक?

सोनकी
नमस्कार मंडळी. आईचा (वय ६८) उजवा गुडघा बदलायचं ठरलं आहे. आम्ही नाशिकचे. साखर, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, दात सगळं तपासून झालं. अडलंय ते एकाच गोष्टीवर. तिच्या प्रत्येक फाइलवर लाल पेनाने 'पेनिसिलीन ॲलर्जी' असं लिहिलेलं असतं. मी लहानपणापासून बघतेय.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी परवा तिला तपासलं तेव्हा बराच वेळ त्यावरच प्रश्न विचारले आणि म्हणाले, "माझ्या मते सेफाझोलिन द्यायला हरकत नाही, पण तुम्ही घरी बोलून घ्या." आमच्या फॅमिली डॉक्टरांवर आईचा गाढ विश्वास आहे. ते म्हणतात, पेनिसिलीन चालत नसेल तर सेफालोस्पोरीनच्या (सेफाझोलिन त्याच गटातलं) वाटेला जाऊच नका, दहातल्या एकाला रिअ‍ॅक्शन येते. आणि सर्जनच्या असिस्टंटने केसपेपरवर क्लिंडामायसिन हे वेगळ्याच गटातलं अँटिबायोटिक लिहूनही टाकलंय.

आई सांगते ती हकिकत अशी. कॉलेजात असताना तिचे सांधे सुजायचे, म्हणून दर एकवीस दिवसांनी कमरेत पेनिसिलीनचं इंजेक्शन असायचं. एकदा इंजेक्शन घेऊन उठली आणि दवाखान्याच्या दारातच पडली. कंपाउंडर म्हणाला, "रिअ‍ॅक्शन आली." तेव्हापासून इंजेक्शनं बंद, आणि ॲलर्जी कायमची चिकटली. हे साधारण १९७७-७८ सालचं.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे त्यांनी काय केलं? आणि इथे डॉक्टर मंडळी असतील तर कृपया समजावून सांगा.

तापीकाठ
ताई, एवढा विचार कशाला? ॲलर्जी लिहिली आहे ना, मग त्या वाटेला जायचंच नाही. क्लिंडामायसिन देताहेत ते देऊ द्या. अँटिबायोटिक ते अँटिबायोटिक. उगाच जिवाशी खेळ नको.

चाफेकळी
वाचतेय. सासूबाईंचंही पुढच्या महिन्यात आहे. वाचनखूण साठवली.

धुकं
मी भूलतज्ज्ञ आहे, मिरजेकडे काम करतो. हा प्रश्न माझ्या टेबलावर सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. निर्णय अर्थातच तुमच्या आईला प्रत्यक्ष तपासणाऱ्यांनी घ्यायचा.

आधी हे अँटिबायोटिक कशासाठी ते पाहू. आईला कुठला आजार झालाय म्हणून ते देत नाहीत. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू असतात. कितीही स्वच्छ केलं तरी चीर दिल्यावर त्यातले थोडे आत जातात. एरवी शरीर त्यांना मारून टाकतं. पण गुडघ्यात धातू आणि प्लॅस्टिक बसवलेलं असतं. त्यावर जंतू चिकटले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि मग त्यांच्यापर्यंत ना औषध नीट पोचत ना पांढऱ्या पेशी. म्हणून चीर पडण्याच्या क्षणी औषध त्या जागेच्या रक्तात आणि हाडात हजर असावं लागतं. सेफाझोलिन २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम, चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून. मांडीला रक्त अडवणारा पट्टा फुगवायच्या आधी ते पूर्ण गेलेलं असायला हवं, नाहीतर खाली गुडघ्यात पोचणार कसं? ऑपरेशन चार तासांपेक्षा लांबलं तर पुन्हा एक डोस.

आता ते 'दहातल्या एकाला'. तुमचे फॅमिली डॉक्टर मनाचं काही सांगत नाहीयेत, आम्हालाही तेच शिकवलं होतं. तो आकडा साठ-सत्तरच्या दशकांतला आहे. तेव्हा सेफालोस्पोरीन बनवताना त्यात पेनिसिलीनचे अंश राहत, त्यामुळे रिअ‍ॅक्शन कोणाची हेच कळत नसे. शिवाय तेव्हा असा समज होता की दोन्ही औषधांच्या गाभ्यातल्या सारख्या कड्यामुळे ॲलर्जी येते. पुढे लक्षात आलं की शरीर बहुतेक वेळा त्या कड्याला लागून असलेली बाजूची साखळी ओळखतं. सेफाझोलिनची साखळी कुठल्याच पेनिसिलीनसारखी नाही. एका घरातल्या भावंडांत एकाचंच नाक वेगळं असावं तसं ते आहे. पेनिसिलीनची ॲलर्जी सांगणाऱ्यांत सेफाझोलिनला रिअ‍ॅक्शन येण्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आढळतं.

तापीकाठ, तुमची काळजी समजते, पण 'अँटिबायोटिक ते अँटिबायोटिक' हे इथे खरं नाही. क्लिंडामायसिन जंतूंची वाढ रोखतं, सेफाझोलिन त्यांना मारतं. आणि क्लिंडामायसिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस बरेच झाले आहेत.

सोनकी, तीन गोष्टी विचारून या. इंजेक्शननंतर किती वेळाने पडल्या? अंगावर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, दम, यातलं काही होतं का? आणि त्यानंतरच्या इतक्या वर्षांत अमॉक्सिसिलीन किंवा पेनिसिलीनच्या जातीचं दुसरं काही पोटात गेलंय का?

अबोली_६२
मला हे पटत नाही, आणि स्पष्ट लिहिते. माझ्या धाकट्या भावाला सहा वर्षांपूर्वी अमॉक्सिसिलीनच्या एका कॅप्सूलने दवाखान्यात न्यावं लागलं. गोळी घेतली, जेवायला बसला, आणि पहिला घास तोंडात असतानाच म्हणाला तळहात खाजताहेत. बघता बघता कान लाल, ओठ फुगलेले, आवाज घोगरा. रिक्षात त्याची मान माझ्या खांद्यावर होती आणि श्वास घेताना शिट्टी वाजत होती. ॲड्रिनलिन दिलं म्हणून वाचला. एक टक्का म्हणजे शंभरातला एक. तो एक आपल्या घरातला असला तर? आकडे सांगणाऱ्यांनी ती शिट्टी ऐकलेली नसते.

तापीकाठ
अबोलीताईंना अनुमोदन.

धुकं
अबोलीताई, ती शिट्टी मी ऐकली आहे, ऑपरेशन टेबलावर. म्हणूनच यात हयगय करा असं कधीच म्हणणार नाही.

तुमच्या भावाला झालं ती खरी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अचानक येणारी जिवावरची ॲलर्जी वाटते. त्यांना पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन यांतलं काहीही तपासणीशिवाय द्यायचं नाही. त्यांच्या फाइलवरचा तो शब्द राहू द्या. पण सेफाझोलिन हा त्यांच्याही बाबतीत वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पेनिसिलीनने ॲनाफिलॅक्सिस झालेल्यांनाही, साखळी वेगळी असल्यामुळे, सेफाझोलिन देता येतं असं म्हटलं आहे. तरी अशा रुग्णात मी आधी सर्जनशी बोलतो, घरच्यांना सगळं सांगतो, ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवतो आणि रुग्ण जागा असताना, मॉनिटर लावून, औषध हळूहळू देतो.

ज्यांना अजिबात द्यायचं नाही असे लोक वेगळेच. औषधानंतर कातडी सोलून निघाली, तोंडात-डोळ्यांत फोड आले, म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सनसारखं काही झालं. किंवा ताप, पुरळ आणि सोबत लिव्हर-किडनीवर परिणाम झाला. किंवा औषधामुळे रक्तपेशी फुटल्या. तिथे वाद नाही. पेनिसिलीन-सेफालोस्पोरीनच्या सगळ्या कुटुंबापासून दूर राहायचं.

एक खरं सांगायला हवं. सेफाझोलिनची स्वतःची ॲलर्जी असू शकते, तीही जोरदार. पण ती पेनिसिलीनचं नावही न घेतलेल्या माणसालाही होऊ शकते. म्हणून पहिला प्रश्न हा की याआधी सेफाझोलिन दिलं होतं का, आणि तेव्हा काय झालं.

गच्ची_बाग
मग टेस्ट डोस का नाही करत? आमच्याकडे प्रत्येक इंजेक्शनआधी सिस्टर हातावर टोचून जातात, निळ्या बॉलपेनने गोल काढतात, बाजूला वेळ लिहितात आणि वीस मिनिटांनी बघायला येतात. आला फोड की ॲलर्जी, नाही आला की औषध चालू. सोपं आहे की.

धुकं
तो गोल काढलेला हात आपल्याकडे इतका रुळलाय की त्याबद्दल कोणी प्रश्नच विचारत नाही. खरी त्वचाचाचणी अशी होत नाही. पेनिसिलीनसाठी वेगळी तयार द्रव्यं लागतात, ठरलेल्या तीव्रतेची. सोबत एक साधं सलाईन आणि एक हिस्टामिन टोचून तुलना करतात, फोडाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. वॉर्डात बाटलीतलं औषध अंदाजाने पातळ करून टोचलं तर नुसत्या झोंबण्यानेही लाली येते, आणि एक नवी खोटी ॲलर्जी फाइलवर चढते. उलट बाजूने, फोड नाही आला म्हणून निर्धास्त झालं तेही चूक. ज्याला आधी काहीच झालेलं नाही त्याला सेफाझोलिनआधी असं टोचण्याने फायदा नाही.

औषधवाला
पंचवीसेक वर्षं काउंटरवर आहे, थोडी भर घालतो.

एक. 'पेनिसिलीनची ॲलर्जी' सांगणाऱ्या किती जणांना मुळात सल्फाची, म्हणजे वेगळ्याच औषधगटाची असते! जुन्या पिढीत 'ते रिअ‍ॅक्शनवालं औषध' एवढंच लक्षात राहतं. सोनकी, हेही विचारा.

दोन. सगळी सेफालोस्पोरीन सारखी धरू नका. सेफालेक्सिन आणि सेफाक्लोर यांची साखळी अँपिसिलीनसारखी, सेफाड्रॉक्सिलची अमॉक्सिसिलीनसारखी. अबोलीताईंच्या भावाने या तिन्हींपासून जपायला हवं. आपल्याकडे ऑर्थोच्या ऑपरेशनला सेफ्युरॉक्झिमही खूप वापरतात, १.५ ग्रॅम. त्याचीही साखळी पेनिसिलीनपेक्षा वेगळी आहे.

तीन. लहानपणी ताप-घसा असताना अमॉक्सिसिलीन दिलं आणि अंगावर पुरळ उठलं, तर ते पुष्कळदा व्हायरसचं असतं. ग्रंथी सुजणाऱ्या एका तापात तर अँपिसिलीन दिलं की पुरळ पुष्कळदा येतं, आणि ती ॲलर्जी नसते.

चाफेकळी
आमच्या आजेसासूबाईंना अलोपॅथीच्या यच्चयावत गोळ्यांची ॲलर्जी होती. फक्त सर्दीच्या गोळीने झोप छान लागते म्हणून ती चालायची. :)

निशिगंधा
मी इंग्लंडमध्ये थिएटर नर्स आहे. इथे पेनिसिलीनची ॲलर्जी सांगितली की अनेक ठिकाणी टायकोप्लॅनिन हे वेगळ्या गटातलं अँटिबायोटिक द्यायची पद्धत पडली. मग २०१८ साली देशभरातल्या ऑपरेशनांमधल्या ॲनाफिलॅक्सिसचा मोठा अहवाल आला. त्यात अँटिबायोटिक हेच सगळ्यात मोठं कारण निघालं, आणि त्यातही टायकोप्लॅनिन पुढे: दर एक लाख वेळा दिल्यावर १६.४ जणांना. कोअमॉक्सिक्लॅव, जे पेनिसिलीनच आहे, त्याला ८.७. म्हणजे ॲलर्जी टाळायला जे द्यायचं त्यातूनच जास्त ॲलर्जी. तेव्हापासून आमच्याकडे 'ॲलर्जी' एवढा शब्द लिहून चालत नाही, काय झालं होतं ते लिहावं लागतं.

विहीर
मामांचं सांगतो. त्यांच्या कार्डावर 'पेनिसिलीन' होतं, कारण आजी म्हणायची, लहानपणी अंगावर पुरळ आलं होतं. खुबा बदलला तेव्हा क्लिंडामायसिन दिलं. तीन महिन्यांनी जखमेच्या टोकाला एक बारीक तोंड पडलं, त्यातून पाणी येऊ लागलं. रोज सकाळी मामी पांढरा कापूस बदलायची आणि पिवळा डाग किती मोठा आहे ते आम्हाला फोनवर सांगायची. शेवटी बसवलेला सांधा काढला, अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट भरलं, सहा आठवडे शिरेतून औषध, मग पुन्हा नवा सांधा. चालता माणूस वर्षभर वॉकरवर.

क्लिंडामायसिनमुळेच झालं असं कोणी सांगू शकत नाही. साखर होती, वजनही होतं. पण दुसऱ्या ऑपरेशनआधी ॲलर्जीतज्ज्ञांकडे पाठवलं, रीतसर चाचणी झाली, देखरेखीखाली अमॉक्सिसिलीन दिलं. काहीही झालं नाही. साठ वर्षं तो शब्द कार्डावर उगाच बसला होता. याचा मला फार राग येतो. कुणा एकाचा नाही, पण येतो.

हडसनकाठ
विहीर, वाचून वाईट वाटलं. मामा आता बरे आहेत ना?

इथे अमेरिकेत दर दहा रुग्णांत एक जण पेनिसिलीनची ॲलर्जी सांगतो. नीट तपासल्यावर त्यातल्या दहांपैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांना ते औषध चालतं. खरी ॲलर्जी असलेल्यांपैकीही ८० टक्के लोकांची दहा वर्षांत ओसरते.

मामांच्या बाबतीत सिद्ध करता येत नाही हे बरोबर, पण मोठ्या संख्येत ते दिसतं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये २०१० ते २०१४ मध्ये ऑपरेशन झालेल्या ८,३८५ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली आला. खुबा, गुडघा, गर्भाशय, मोठं आतडं आणि बायपास अशी ऑपरेशनं होती. पेनिसिलीन ॲलर्जी लिहिलेल्यांत जखमेच्या इन्फेक्शनची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. कारणही सापडलं. इतरांपैकी ९२ टक्के लोकांना सेफाझोलिन मिळालं होतं, ॲलर्जीवाल्यांपैकी फक्त १२ टक्के लोकांना. सगळा फरक या बदललेल्या औषधाचा होता.

स्वीडनमध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथे नेहमीचं औषध क्लॉक्सासिलीन (तेही पेनिसिलीनच्याच जातीचं), आणि ॲलर्जी सांगणाऱ्यांना क्लिंडामायसिन. २००९ ते २०१५ च्या नोंदींत क्लिंडामायसिन मिळालेल्यांत इन्फेक्शनमुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचा धोका साधारण दीडपट होता.

विहीर
हो, आता काठीही सुटली. गच्चीवर फेऱ्या मारतात.

तापीकाठ
बरं, हे सगळं ऐकल्यावर मला एक कळत नाही. इतकं स्पष्ट आहे तर डॉक्टर लोक क्लिंडामायसिन लिहितातच का?

धुकं
रास्त प्रश्न आहे. एक तर फाइलवर लाल अक्षरात लिहिलेलं असताना त्या जवळपासचं औषध दिलं आणि काही झालं, अगदी दुसऱ्याच कारणाने झालं, तरी बोट कोणाकडे जाणार? सहा महिन्यांनी इन्फेक्शन झालं तर ते कोणी त्या दिवशीच्या अँटिबायोटिकशी जोडत नाही. पहिला धोका पाच मिनिटांत समोर उभा राहतो, दुसरा नंतर, दुसऱ्याच कोणाच्या ओपीडीत. दुसरं म्हणजे तो शब्द पुसायचं काम कोणाचंच नसतं. लिहायला कोणीही लिहितं. कंपाउंडरनेही लिहिलं, बघा. आणि औषधाच्या वेष्टनातल्या पत्रकावरही जुनी सावधगिरी छापलेली असते.

ॲलर्जी सांगितली की देतात त्या आणखी एका अँटिबायोटिकबद्दल, व्हँकोमायसिनबद्दल, राहिलं. ज्यांच्या नाकात-कातडीवर एमआरएसए हा हट्टी जंतू सापडलाय त्यांना ते उपयोगी आहे. पण ते घाईत देता येत नाही. एका ग्रॅमला साधारण तास लागतो, म्हणून चीर देण्याआधी दोन तासांच्या आत सुरू करावं लागतं. वेगाने गेलं की मान, चेहरा, छाती लालभडक होते, खाज सुटते, बीपी उतरतं. ती ॲलर्जी नसते, वेगाचा परिणाम असतो. पण गंमत पाहा, तीही फाइलवर 'व्हँकोमायसिन ॲलर्जी' म्हणून चढते. मग हातात उरलं काय?

पिंपरीकर
थोडं अवांतर. सोनकीच्या आईला ७७-७८ साली जे इंजेक्शन मिळालं असेल, त्यातलं पेनिसिलीन आमच्या पिंपरीचं असण्याची दाट शक्यता. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती, आणि पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झालं. सरकारी क्षेत्रातला औषधांचा पहिला कारखाना. वडील तिथे फर्मेंटेशनला होते. अख्खी वसाहत 'पेनिसिलीन फॅक्टरी'च म्हणायची. घरी आले की त्यांच्या शर्टाला एक आंबूस वास असायचा, आई ते कपडे वेगळे भिजवायची. त्या औषधाने महाराष्ट्रातली किती पोरं न्यूमोनियातून आणि सांधेतापातून वाचली याचा त्यांना फार अभिमान होता. त्याच औषधाचं नाव आज भीती म्हणून लोकांच्या फाइलींवर आहे, हे वाचताना कसंतरी झालं.

चाफेकळी
किती छान माहिती. यावर वेगळा धागा काढा ना पिंपरीकर.

अबोली_६२
हो, काढाच. माझे काका तिथेच होते, बहुधा पॅकिंगला.

सोनकी
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस मी घरात पोलिसी चौकशी चालवली आहे.

आईला विचारलं तर तिला 'पडले' याच्यापुढे काही आठवेना. मग मोठ्या मावशीला फोन लावला. ती त्या दिवशी सोबत होती. तिच्या तोंडचं लिहिते: "अगं, उपास होता तिचा, चतुर्थीचा. सकाळपासून पोटात काही नाही. इंजेक्शन घट्ट, सुई ही जाडजूड, ती कळवळली. उठली, पांढरीफटक पडली, घाम सुटला आणि बसली खाली. मी तोंडावर पाणी मारलं, साखरपाणी पाजलं. पाच मिनिटांत आम्ही टांग्यात बसलो." गांधी? नाही. सूज, दम? नाही. कोणी दुसरं इंजेक्शन दिलं? नाही.

आणि ऐका. बाबांच्या कपाटात दाताच्या डॉक्टरांची २०११ सालची चिठ्ठी सापडली. दाढ काढल्यानंतर अमॉक्सिसिलीन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. मागे औषधाच्या दुकानाचं बिल टाचलेलं. त्या दवाखान्यात बहुतेक कोणी ॲलर्जीबद्दल विचारलं नसावं. आई म्हणते, "ती पिवळी-तांबडी कॅप्सूल ना? घेतल्या की. पोट जरा बिघडलं होतं." बस्स.

गच्ची_बाग
मावशींना सीआयडीत घ्या!

औषधवाला
बिल टाचलेलं ठेवणाऱ्या बाबांना नमस्कार. ते बिल नसतं तर नुसती चिठ्ठी होती, औषध घेतलंच याचा पुरावा नव्हता.

धुकं
सोनकी, उत्तम काम केलंत. मावशींनी वर्णन केलं ती उपाशीपोटी, कळ लागून आलेली घेरी आहे. ते इंजेक्शन फार दुखतं आणि पडण्याचे प्रकार त्यात नेहमीचे.

ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०२० साली एक साधी गुणपद्धत काढली. रिअ‍ॅक्शन गेल्या पाच वर्षांतली असेल तर २ गुण. ॲनाफिलॅक्सिस, चेहऱ्या-घशाची सूज किंवा कातडीची गंभीर रिअ‍ॅक्शन असेल तर २. त्यासाठी उपचार करावे लागले असतील, किंवा लागले का ते माहीत नसेल, तर १. बेरीज तीनच्या खाली आली तर धोका कमी. तुमच्या आईंची बेरीज शून्य, साखरपाणी उपचारांत धरत नाहीत. शिवाय पुढे पाच दिवस अमॉक्सिसिलीन पचलं आहे. ती चिठ्ठी आणि बिल दोन्ही भूलतज्ज्ञांना दाखवा. फॅमिली डॉक्टरांनाही दाखवा, त्यांना वगळून काही करू नका.

अबोली_६२
सोनकी, तुझ्या आईच्या बाबतीत आता मलाही शंका नाही. द्या सेफाझोलिन.

तापीकाठ
मी पण मत बदललं, बरं का. आता दुसरा प्रश्न. आमच्या वडिलांच्या पायात सळी टाकली तेव्हा टाके निघेपर्यंत अँटिबायोटिक चालू होतं. किती दिवस द्यायचं असतं हे?

धुकं
ज्यात जखम आधीच घाण झालेली नाही अशा ठरवून केलेल्या ऑपरेशनला एक डोस पुरतो, फार तर चोवीस तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय की ऑपरेशन संपल्यावर केवळ इन्फेक्शन टाळण्यासाठी अँटिबायोटिक लांबवू नका. उघडं फ्रॅक्चर असेल, म्हणजे हाड कातडी फाडून बाहेर आलेलं, तर गणित वेगळं. वडिलांचं कसं होतं?

तापीकाठ
मोटरसायकलवरून पडले होते, हाड बाहेर दिसत होतं. मग ठीक.

निशिगंधा
सोनकी, एक व्यवहाराची गोष्ट. टेबलावर घेण्याआधी आमच्याकडे सगळे थांबून मोठ्याने नाव, बाजू, ॲलर्जी, अँटिबायोटिक वाचतात. भारतातही बऱ्याच ठिकाणी करतात. जुन्या फाइलवर तो लाल शब्द तसाच राहिला तर ऐन वेळी कोणीतरी थबकेल आणि औषध बदलेल. आधीच दुरुस्त करून घ्या. मनगटाच्या पट्ट्यावरही बघा.

सोनकी
काल ऑपरेशन झालं. आई ठीक आहे, आज वॉकर धरून दारापर्यंत गेली.

फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि स्वतःच सर्जनना फोन केला. निशिगंधा, तुम्ही लिहिलंत म्हणून पट्टा पाहिला, त्यावर लाल ठिपका होताच. सिस्टरांनी पट्टा बदलला. भूलतज्ज्ञांनी फाइलवर लिहिलं, 'पेनिसिलीन ॲलर्जी नाही. उपाशीपोटी इंजेक्शननंतर चक्कर. २०११ मध्ये अमॉक्सिसिलीन घेतलं, त्रास नाही', आणि खाली सही-तारीख. सेफाझोलिन २ ग्रॅम आत नेल्यावर लगेच दिलं. आई जागी होती, तिने विचारलंन, "हे कसलं?" ते म्हणाले, "ज्यावरून तुमच्या लेकीने एवढी चौकशी केली ते." काहीही झालं नाही.

पिंपरीकर
आईंना लवकर बरं वाटो.

अबोली_६२
फार बरं वाटलं वाचून. धुकं, आता माझा प्रश्न. भावाला हर्निया आहे, पुढेमागे करावाच लागेल. सहा वर्षं झाली. त्याची तपासणी कुठे होते, आणि काय घेऊन जायचं?

धुकं
ॲलर्जीची रीतसर तपासणी करणारे डॉक्टर आणि सोबत अतिदक्षता विभाग, हे दोन्ही एकाच ठिकाणी असेल तिथेच. पुणे-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत किंवा मेडिकल कॉलेजात चौकशी करा. पेनिसिलीनची चाचणीद्रव्यं सगळीकडे सहज मिळत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. घरी किंवा साध्या दवाखान्यात 'एक गोळी घेऊन बघू' असं चुकूनही नाही. त्या दिवशीचे कागद न्या: कॅप्सूल कोणती, किती वेळाने सुरू झालं, बीपी किती होतं, ॲड्रिनलिन किती वेळा दिलं. तपासणीच्या आधी काही दिवस खाजेच्या, सर्दीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, ते तेच सांगतील. तोपर्यंत कार्डावरचा शब्द तसाच ठेवा, फक्त त्यापुढे काय झालं होतं ते लिहा. आणि हर्नियाच्या सर्जनना पहिल्याच भेटीत सांगा, आदल्या रात्री नको.

अबोली_६२
डिस्चार्ज कार्ड वहिनीकडे आहे, रविवारी जातेच आहे तिकडे. फोटो काढून ठेवते.